हिऱ्याच्या चाकूला कुंकू

बाई,

आज मला तुमचा इतका राग आलाय, की तुम्ही समोर असतात तर जन्मात पहिल्यांदा मी तुमच्यापुढे आवाज चढवला असता. आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "झालं? आता पाणी पी आणि कामाला लाग." म्हणजे भांडूनही काही उपयोग नव्हताच. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला रिटायर होऊन दीड. गेल्या आठवड्यात संस्थेतून फोन आला, की जुन्या निगेटिव्हचे खोके भंगारात काढायचेत, मॅडम, तुमच्याशिवाय कुणाला त्यातलं काही कळणार नाही, ठेवायचं काय आणि टाकायचं काय तेवढं येऊन सांगून जा. गेले. तीन दिवस त्या कोंदट खोलीत स्टुलावर बसून पाकिटं चाळली. सगळीकडे तुमचं अक्षर, शिसपेन्सिलीचं, मुंगीएवढं. प्रत्येक पाकिटावर नमुन्याचा नंबर, काय बघितलं ते, आणि खाली तुमचा निकाल. तुमचे निकाल दोनच. एक 'टाका', आणि दुसरा 'हरकत नाही'. फोटोत काही दोष आहे पण काम भागतंय, तर हरकत नाही. 'उत्तम' हा शब्द तुम्हाला कधी लिहिताच आला नाही, कितीही सुरेख फोटो आला तरी. तर त्यातलं एक पाकीट मी पर्समध्ये घालून घरी आणलंय, कुणालाही न विचारता. संस्थेची टाचणीसुद्धा कधी घरी न आणलेली बाई मी! त्या पाकिटावर काय लिहिलंय ते आत्ताच सांगत नाही. क्रमानं सांगते. एक पायरी गाळली की पुढचं सगळं फुकट, हे तुम्हीच शिकवलंत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा महिने होत आले होते. लालबागच्या चाळीतली, नुकती बी.एस्सी. झालेली, बोलायला लागले की हात नाचवणारी मुलगी. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आणि आता घरी बसलेले. परळला आपल्या संस्थेत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या विभागात, शिकाऊ टेक्निशियनची जागा निघाली, मी अर्ज टाकला, आणि तुमच्या खोलीत येऊन उभी राहिले. तुम्ही माझी सर्टिफिकिटं बघितली नाहीत. माझ्या तोंडाकडे निरखून बघितलंत आणि म्हणालात, "पापण्या बऱ्या आहेत गं तुझ्या. एक दे." मला वाटलं, गेली, ही बाई ठार वेडी आहे! तुम्ही खरोखरच चिमट्यानं माझ्या पापणीचा एक केस उपटलात, नेलपॉलिशच्या थेंबानं काडीच्या टोकाला चिकटवलात आणि ती काडी माझ्या हातात दिलीत. दुपारी कळलं कशाला ते. केसाच्या हजारभर चकत्या कराव्यात इतके पातळ काप पाण्यावर तरंगत असतात, त्यांना इकडून तिकडे ढकलायला जगात दुसरं काहीही चालत नाही, साधा दोरासुद्धा दांडगा ठरतो. पापणीच लागते. तुमच्या पापण्या तोवर विरळ झाल्या होत्या, हेही मग लक्षात आलं. ती माझी नोकरीतली पहिली वस्तू. पुढे किती पापण्या संस्थेला दिल्या त्याचा हिशेब नाही, पण ती पहिली काडी अजून माझ्या कपाटात आहे.

"मेलेलं बघायचं नाही आपल्याला," तुम्ही म्हणायचात. "जिवंत असताना जसं होतं तसं बघायचंय. म्हणून घाई." इस्पितळातून रोग्याच्या अंगातला तुकडा निघाला की औषधाच्या बाटलीत आणि बाटली बर्फात. आणणारा वॉर्डबॉय वाटेत चहाला टेकला, तर त्याची धडगत नसायची. "अरे, तुझा चहा होईस्तोवर आतल्या पेशी फुटल्या ना रे!" आणि तुकडा मिलिमीटरभरच हवा. मोठा असला तर औषध कडेकडेनं मुरतं आणि मधलं सडतं. हे ऐकलं आणि मला राहवलं नाही, मी बोलून गेले, "म्हणजे खाऱ्या बांगड्यासारखं." तुम्ही हातातलं ठेवून माझ्याकडे वळलात. मग मला सांगावंच लागलं, की आमची आई बांगडा खारवताना पाठीतून चिरते, जाड असला तर आडव्या चिरा देते, कारण मीठ मधोमध पोचलं नाही तर मासा वरून टणक आणि आतून घाण. तुम्ही गिरगावातल्या, घरात कांदासुद्धा वार बघून शिजवणाऱ्या. आता नाकाला पदर लावणार असं मला वाटलं. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. पुढे कितीतरी वर्षं जो कोणी डॉक्टर शिकायला यायचा, त्याला पहिल्या दिवशी तुम्ही सांगायचात, "आमच्या हिच्या आईचा बांगडा लक्षात ठेवायचा." लालबागमध्ये पाटावर बसून मासे चिरणाऱ्या माझ्या आईला मरेपर्यंत पत्ता नव्हता, की मोठमोठे डॉक्टर तिचा बांगडा शिकून गेलेत.

मग पुढच्या पायऱ्या. ऑस्मियम नावाच्या जहाल औषधात तुकडा काळा करायचा, आणि त्याची वाफ डोळ्यांना लागू द्यायची नाही. मग अल्कोहोलमध्ये बुडवून त्यातलं पाणी काढायचं, तीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद, शेवटी शंभर. एकदा मी घाईत सत्तरची पायरी गाळली, तर तुम्ही ती बाटली माझ्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतलीत. "एकदम कोरडा केलास तर आक्रसेल नाही तर काय करेल? त्याला सवय होऊ दे की!" त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर माझ्या टेबलावर उंदराच्या काळजाचा नवा तुकडा तयार होता, नव्या बाटलीत, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. शेवटी तुकडा रेझिनमध्ये बुडवून ओव्हनमध्ये ठेवायचा, दोन दिवसांनी मधाच्या रंगाचा कडक ठोकळा हातात येतो, आणि तो कापायचा. रोजचं कापायला काचेचे चाकू, ते आपणच काच तोडून करायचो, एक चाकू जेमतेम अर्धा दिवस टिकायचा. आणि खास कामाला तो एक, परदेशातून आणलेला, हिऱ्याच्या धारेचा. लाकडी डबीत ठेवलेला, डबी कपाटात, कपाटाला किल्ली. त्याच्याबद्दल तुमचा नियम एकच होता. धारेला काहीही शिवता कामा नये, बोट नाही, कापूस नाही. स्वच्छ करायचा तो तुम्हीच, पाण्यानं आणि एका मऊ भेंडाच्या काडीनं, श्वास रोखून.

आणि तो दिवस आठवतो, तुम्ही कापायच्या यंत्रावर हिऱ्याचा चाकू लावला होता आणि दुर्बिणीतून मला बघायला बोलावलंत. पाण्यावर चंदेरी कापांची अख्खी माळ तरंगत होती, एकावरही रेघ नाही. "बघ कसे येतायत, लोण्यासारखे. शेजारची गिरणी चालू होती ना, तेव्हा साच्यांची थरथर जमिनीतून इथवर यायची, कापांवर लाटा उठायच्या. गिरणीच्या सुट्टीच्या वारी मुद्दाम येऊन कापायचे मी. आता बंद पडल्यापासून..." आणि तुम्ही थांबलात. तुम्हाला आठवलं, मी कुणाची मुलगी आहे ते. नुसत्या "सॉरी" म्हणणाऱ्यातल्या तुम्ही नव्हतात. दुसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा आणलात आणि म्हणालात, "बाबांना दे." बाबांनी लाडू खाल्ले, म्हणाले, "तुझी बाई बरी हा गो." त्या दिवशी तुमच्या बोलण्याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. का आला नाही, ते शेवटी सांगते.

घरी काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धंच माहीत होतं. परीक्षा झाली की माझं लग्न करायचं, हे संपाच्या आधीच ठरल्यात जमा होतं. गावाकडचं स्थळ होतं, मुलगा बरा होता, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण लग्न म्हणजे सावंतवाडीकडे जाऊन राहायचं, आणि तिथं कुठला मायक्रोस्कोप! संपामुळे सगळं राहिलं. घर माझ्या पगारावर चालायला लागलं आणि बाबांना त्याची लाज वाटायची. मी सकाळी डबा घेऊन निघाले, की ते खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. माझी नोकरी म्हणजे माझ्यावर आलेलं संकट, अशी त्यांची समजूत. "गिरण चालू झाली काय तुझो ह्यो वनवास सोपलो," म्हणायचे. "मगे दिवाळीनंतर तुझ्या लग्नाचो बार उडवून टाकूया." मी मान हलवायची. बाबा, हा वनवास नाही, असं तोंडातून कधी निघालं नाही. त्यांच्या दुःखात माझा आनंद कुठे सांगत बसू?

आमच्याकडे दसऱ्याचं मोठं प्रस्थ असायचं. वर्षातला तो एकच दिवस, गिरणीत घरच्या माणसांना आत सोडायचे. मी लहान असताना नवा फ्रॉक घालून बाबांचं बोट धरून जायची. साच्यांना झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, आणि सगळं कसं थंड, शांत. बाबा त्यांच्या साच्यांपाशी घेऊन जायचे. ज्यात दोरा घालून मागावर इकडून तिकडे फेकतात त्या लाकडी धोट्याच्या लोखंडी टोकाला कुंकू लावायचे आणि मला म्हणायचे, "पाया पड. ह्यो आपल्याक जेवूक घालता." मी पडायची. संपाच्या वर्षी गिरणीच्या फाटकाला कुलूप होतं. बाबांकडे एक झिजलेला धोटा होता, तो त्यांनी खंडेनवमीच्या सकाळी देवापुढे ठेवला, कुंकू लावलं, आणि उरलेलं कुंकू कागदाच्या पुडीत बांधून माझ्या डब्यावर ठेवलं. "माझो साचो बंद हा, तुझो तरी चलता. तुझ्या त्या हिऱ्याच्या चाकूक लाव, आणि माग, म्हणान, गिरण चालू होवंदे." मी म्हटलं, "बाई फुलंसुद्धा दाराबाहेर ठेवायला लावतात, बाबा." ते म्हणाले, "बायेक सांगू नको." आणि हसले. संप लागल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं, बाई. नाही कसं म्हणणार होते मी?

तुमचा हुकूम मला पाठ होता. फुलं, उदबत्ती, कुंकू, सगळं दाराबाहेर, आतल्या यंत्राला धूळ चालत नाही, मग ती देवाची का असेना. शिपायानं चौकटीला झेंडूचं तोरण लावलं होतं. खोली उघडायचं काम माझं असल्यामुळे किल्ल्या माझ्याकडे. मी कपाट उघडलं, डबी काढली, पुडी सोडली, आणि अनामिकेनं हिऱ्याच्या धारेला कुंकू लावलं. नमस्कार केला, डोळे मिटले, मागितलं. डोळे उघडते तोवर तुमच्या चपलांचा आवाज जिन्यात. दिसेल तो कापूस उचलला, अल्कोहोलमध्ये बुडवला आणि धार पुसून काढली, एकदा इकडून, एकदा तिकडून, स्वयंपाकघरातली सुरी पुसावी तशी. डबी बंद, कपाट बंद. तुम्ही आत आलात आणि विचारलंत, "का गं, घामाघूम का?" मी म्हटलं, पंखा लावायचा राहिला. त्या दिवशी कापायचं काही नव्हतं. बोटावर एक बारीक रेघ होती, तिच्यातून रक्तसुद्धा आलं नव्हतं. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं, की सुटले.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि तुम्ही त्या मुलीचा ठोकळा काढलात. सात-आठ वर्षांची मुलगी, किडनीतून सुईनं काढलेला तुकडा, तांदळाच्या कणीएवढा, त्यातलाही बराचसा आधीच्या तपासण्यांत गेलेला. उरलं होतं त्यात एकच चांगली जागा होती. तिच्या किडनीच्या गाळणीचा पडदा केवढा जाड झालाय ते बघून डॉक्टर औषध ठरवणार होते. तुम्ही हिऱ्याचा चाकू लावलात. पहिला काप आला तो उभा फाटलेला. चाकू सरकवून दुसरी जागा घेतलीत, पुन्हा रेघा. तिसरी, चौथी. तुम्ही तसलाच एक काप तांब्याच्या जाळीवर उचललात, शेजारच्या अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली घातलात आणि एक फोटो काढलात. बाहेर आलात. मी काचेच्या पट्ट्या पुसत होते. तुम्ही माझ्यापाशी आलात, माझा उजवा हात हातात घेतलात, पापणीची काडी कशी धरायची ते पुन्हा दाखवलंत. मला ते येत होतं, बाई, चार महिन्यांपूर्वीच येत होतं! तरी तुम्ही बराच वेळ माझं ते बोट धरून होतात. मग हात सोडून म्हणालात, "काच तोडायला घे. भरपूर लागेल."

मोठे साहेब खाली आले. चाकूची धार दोन्ही टोकांपर्यंत गेली होती, परदेशी पाठवून पुन्हा लावून घ्यावी लागणार होती, त्यात वर्ष जाणार होतं. कुणी केलं, म्हणून ते ओरडले. आणि तुम्ही चाकूच्या वहीत लिहिलंत, माझ्यासमोर, तुमच्या त्या बारीक अक्षरात, 'ठोकळा कडक असताना माझ्या हातून चाकू जास्त पुढे गेला.' खाली तुमची सही. साहेब म्हणाले, "बाई, आता वय झालं. हात थरथरायला लागले तुमचे. पुढच्या वेळी हे काम तरुण हातांकडे द्या." सगळ्या विभागासमोर म्हणाले. शिपाईसुद्धा दारात उभा होता. तुमची मान ताठ होती, फक्त कान लाल झाले होते. मी तीन फुटांवर काचेची पट्टी हातात घेऊन उभी. नुसतं "साहेब, मी" एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत मी रस्त्यावर, आणि घरी बाबा खिडकीकडे तोंड करून. मी हातातली पट्टी पुसायला घेतली. आणि मला खरोखर वाटलं, बाई, की तुमची खात्री आहे. तुम्हाला वाटतंय, तुमच्याच हातून गेला.

पुढचे तीन दिवस आपण काचेवर काढले. मी काच तोडायची, त्यातले दहातले नऊ चाकू तुम्ही दुर्बिणीखाली बघून फेकून द्यायचात, दहाव्यानं एक-दोन काप मिळायचे. तो तुकडा संपत चालला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक काप आला, चंदेरी, अख्खा. तुम्ही तो माझ्या पापणीनं जाळीवर घेतलात. मी श्वास रोखून बसले होते, इतका वेळ की तुम्ही ओरडलात, "श्वास घे गं बये, मरशील!" फोटोत तो पडदा स्वच्छ दिसला. डॉक्टरांनी औषध बदललं. दोनेक वर्षांनी ती मुलगी आईबरोबर पेढे घेऊन आली होती, दोन वेण्या, दात पडलेले. तुम्ही तिला मायक्रोस्कोपच्या खुर्चीत बसवलंत. मी पेढा हातात धरून बसले.

चाकू परत आला त्या दिवशी तुम्ही डबी उघडलीत, बघितलीत आणि माझ्यापुढे सरकवलीत. "आजपासून तू काप. माझा हात राहिला नाही." झालं. त्या दिवसापासून हिऱ्याचा चाकू माझा. पुढे माझं नाव झालं, लांबून लांबून ठोकळे यायला लागले, लोक म्हणायचे, त्या बाईंच्या हाताला तोड नाही. आणि तुम्ही, ज्यांनी हे सगळं मला शिकवलं, त्या तुम्ही रिटायर होईपर्यंत माझ्या शेजारी बसून काचेच्या चाकूनं जाड काप काढलेत, शिकाऊ पोरीचं काम. मी रोज तुमच्या हाताकडे बघायची. आणि मनात म्हणायची, हा हात मी घालवला. सांगावं असं शंभरदा वाटलं. पहिल्या वर्षी नोकरीची भीती, मग तुमची भीती, आणि मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज.

तुम्ही रिटायर झाल्यावर मी गिरगावात तुमच्याकडे यायची, आठवतं? तुम्ही साठीच्या. मी समोर बसलेली. माझ्या ब्लाऊजचं हुक तुटलं होतं. तुम्ही दोरा घेतलात, ओठांत ओला केलात आणि खिडकीच्या उजेडात एका फटक्यात सुईत ओवलात. तिशीतल्या मला तीनदा प्रयत्न करावा लागला असता. हात दगडासारखा स्थिर. मी ते बघितलं, बाई. बघितलं आणि मान फिरवली, कारण तो हात थरथरत नसेल तर काय अर्थ होतो, याचा विचार मला करायचा नव्हता. शेवटच्या आजारात मी भेटायला आले तेव्हाही ठरवून आले होते, की आज सांगायचंच. तुम्ही म्हणालात, "मोसंबं सोल." मी मोसंबं सोलत बसले.

आता पाकीट. गेल्या आठवड्यात ते हातात आलं. त्या मुलीच्या ठोकळ्याचा नंबर, त्या दिवसाची तारीख. आतली निगेटिव्ह उजेडासमोर धरली. फाटलेला काप, रेघाच रेघा, आणि त्यांच्या कडेनं विखुरलेले कण. निगेटिव्हमध्ये पांढरे, म्हणजे फोटोत काळे कुळकुळीत. पाकिटावर तुमची पेन्सिल. 'रेघा: कापूस. कण: कुंकू.' आणि खाली निकाल, 'हरकत नाही.'

मी त्या स्टुलावर बसून इतकी रडले की बाहेरच्या मुलीनं येऊन विचारलं, मॅडम, पाणी देऊ का. तुम्हाला माहीत होतं! पहिल्याच दिवशी माहीत होतं, माझं बोट धरलंत तेव्हाच! आणि त्या फोटोत वापरण्यासारखं काहीच नव्हतं हो, तुमच्या नियमानं तो 'टाका'च होता. इतकी वर्षं मला झुरत ठेवलंत, काय म्हणावं तुम्हाला? एकदा नुसतं "कार्टे, कुंकू लावलंस ना?" म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. की तुम्हाला वाटत होतं, मीच बोलेन एक दिवस? मोसंबं सोल म्हणालात, ते वाट बघून थकल्यावर म्हणालात का? माझा राग आहे तो यावर, बाई. तुमच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. आणि खरं सांगू, रडून झाल्यावर हलकंही वाटलं. तो हात मी घालवलेला नव्हता. तो तुम्ही मला देऊन टाकलात, आपला आहे तसा, धडधाकट.

पण एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नाही, ती कुठल्याच मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही. कुंकू तुम्ही ओळखलंत. मी मागितलं काय, ते ओळखता आलं नसतं. बाबांनी सांगितलं होतं, गिरण चालू होवंदे म्हणून माग. मी धारेला कुंकू लावलं, डोळे मिटले, आणि मागितलं, गिरणी चालू होऊ देऊ नकोस. आणखी थोडे दिवस तरी नको. मला इथंच राहायचंय. एकवीस वर्षांची होते. तुमच्या बोलण्याचा राग का आला नाही, ते हे. बंद गिरणीनं जसे तुमचे काप लोण्यासारखे आले, तसंच माझं आयुष्यही.

आणि गिरणी चालू झाली नाही. दुसऱ्या झाल्या थोड्याफार, बाबांची झाली नाही. त्यांनी शिवडीला गोदामावर वॉचमनचं काम धरलं, ते स्थळ गेलं, मी राहिले. माझ्या मागण्यानं काही झालं नाही, एवढं सायन्स मी शिकले आहे. तरी एकदा खंडेनवमीलाच, त्या धोट्याला कुंकू लावताना बाबा म्हणाले होते, "तुझ्या चाकून ऐकल्यान नाय गो." मी म्हटलं, "नाही ना, बाबा." आणि त्यांच्या हातातली पुडी घेऊन ठेवून दिली.

तर हे पत्र. तुमच्या गिरगावच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे, पोस्टमन कुणाला देणार? पाकिटात घालून ठेवते, त्या निगेटिव्हशेजारी. खरं म्हणजे हे बाबांना लिहायला हवं होतं. तुम्ही 'हरकत नाही' म्हणाल हे आता ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं. ते काय म्हणाले असते, ते मला ठाऊक नाही.